आसावरीची फाइल

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आलो एकदाचे ठाण्याला. सांगलीहून टेम्पो पहाटे निघालेला, दुपारी दोनला कोपरीत दारात उभा. नुकसान म्हणाल तर एकच. लोणच्याची बरणी फुटली आणि सगळ्या चादरींना लिंबाचा वास लागला. सान्वी म्हणाली, आपल्या घराला भूक लागलीये. आठ वर्षांची पोर, पण कधी काय बोलेल सांगता येत नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक गॅलरी इतकी अरुंद की तिच्यात एका वेळी एकानेच उभं राहायचं. दोन गल्ल्या सोडून आसावरीचं माहेर. सासूबाई वालाचं बिरडं आणि गरम भात घेऊन आल्या, आम्ही खोक्यांवर बसून जेवलो. दुपारी शाळा सुटली की सान्वी त्यांच्याकडे थांबणार. म्हणून तर इकडे यायचं ठरवलं. आसावरी जाऊन चौदा महिने झाले. डेंगी, सहा दिवस, संपलं. सांगलीच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती. तिथे राहवेना.

ही डायरी सासूबाईंनीच दिली. बँकेची, अजून सगळी कोरी. लिहीत जा, बरं वाटतं, म्हणाल्या. आज तसं न लिहिताही बरं वाटतंय. सान्वी आतल्या खोलीत एका पायावर उड्या मारतेय आणि खालच्या मजल्यावरून अजून तक्रार आलेली नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नोकरीचा पहिला दिवस. केंद्र कोलशेतला, एका बंद कारखान्याच्या पुढच्या इमारतीत. मागे खाडी. नाव 'स्वरसाथ'. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात ज्यांचा आवाज जाणार असतो ते लोक आधी इथे येतात, महिनाभर रोज बसून वाक्यं वाचतात. त्या रेकॉर्डिंगवरून त्यांच्या आवाजाचं ॲप बनतं. ऑपरेशननंतर लॅपटॉपवर टाइप करायचं आणि लॅपटॉप त्यांच्या आवाजात बोलतो.

चालवतात हेमाताई. साठीच्या, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघतात, तीस वर्षं वाचा-उपचारात गेलीत ना.

माझं काम या ॲप्सचं. लॅपटॉप सगळे दान आलेले, जुने, म्हणून त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स. आणि प्रत्येक माणसाचं ॲप म्हणजे एकच फाइल. इन्स्टॉल करायची भानगड नाही. जे लागतं ते सगळं त्या फाइलीच्या पोटात. पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर टाका, चालवायची परवानगी द्या, उघडतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की सगळ्यांची यादी येते. नाव, आकार, तारीख. दुसऱ्या ओळीने अपडेट. तिसऱ्या ओळीने काढून टाकायचं. माउसला हात लावायची गरज नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये मी बारा वर्षं हेच केलंय, पण तिथे यादीत गणिताची आणि नकाशांची सॉफ्टवेअर्स असायची. इथे माणसं आहेत. एक्केचाळीस.

हेमाताईंनी नियम एकच सांगितला, पण दोनदा सांगितला. फाइल फक्त हयात माणसाची, त्याने स्वतः इथे बसून दिलेल्या आवाजाची. गेलेल्या माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवायची नाही, समोरचा कितीही रडला तरी. का, असं मी विचारलं. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, का ते आता आठवत नाही, पण नको. आणि चहा मागवला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

रुळलो. स्टेशनच्या पलीकडे जाऊन कोलशेतची बस, खिडकी मिळाली तर स्वर्ग.

आज नंदाताई आल्या होत्या. मानपाड्याला राहतात. त्यांचे यजमान धाकू तिथल्याच एमआयडीसीत प्रेसच्या मशीनवर होते. तंबाखू, मग घसा, मग ऑपरेशन. ऑपरेशननंतर दीड वर्ष लॅपटॉपवर बोलले, मी यायच्या महिनाभर आधी वारले. नंदाताई अपडेटच्या निमित्ताने अजून येतात. एका बोटाने अक्षरं शोधत टाइप करतात. लॅपटॉपमधून जाडा, खरखरीत आवाज येतो, "नंदे, पाणी दे." त्या पदराने डोळे पुसतात आणि पुन्हा तेच टाइप करतात. मी चार्जर शोधायचं निमित्त करून उठलो.

१ डिसेंबर, रविवार

सान्वीने विचारलं, आई मला उठवताना काय म्हणायची?

मला सांगता आलं. पण तसं म्हणता येईना. म्हणून फोन काढला. आसावरीला टाइप करायचा कंटाळा, सगळं बोलून पाठवायची. तीनशे बारा मेसेज आहेत. जपून ठेवलेत, ऐकत नव्हतो. आज पहिल्यांदा एक लावला. चाळीस सेकंद. कोथिंबीर आण, देठं बघून आण, मागच्या वेळी सगळी पिवळी होती, आणि दही, आणि अरे हो, सानूच्या शाळेचं पत्र तुझ्याच खिशात राहिलंय, आणि तू जेवलास का?

आम्ही तो अकरा वेळा ऐकला. मग सान्वी म्हणाली, तुमच्या केंद्रातल्या लोकांसारखं आईला पण बोलता येईल ना लॅपटॉपमधून?

नाही म्हणालो. नियम सांगितला.

ती उठली. दप्तर भरून ठेवलं, बूट जागेवर ठेवले, एवढी शहाण्यासारखी वागली की मला बघवेना.

८ डिसेंबर, रविवार

केलं.

केंद्रातला एक जुना लॅपटॉप दुरुस्तीच्या नावाखाली घरी आणला. तीनशे बारा मेसेज त्यात ओतले, तीन दिवस तो काम करत होता. आज सकाळी फाइल तयार. नाव: आसावरी. दोनशे दहा एमबी. आख्खी बायको दोनशे दहा एमबीत मावली. चालवायची परवानगी दिली, एक ओळ टाइप केली, एंटर.

पहिलं वाक्य सान्वीने टाइप केलं. "सान्वी, दूध पी."

आणि आसावरी म्हणाली, "सान्वी, दूध पी."

पोर दोन पेले दूध प्यायली. तिसरा मागितला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती, तिने मला बघितलं आणि कपडे अर्धे तसेच सोडून आत गेली. एवढा रडत होतो.

१५ डिसेंबर, रविवार

इतकं बरं गेल्या वर्षभरात वाटलं नव्हतं. लॅपटॉप सासूबाईंकडे ठेवलाय. शाळेतून आली की सान्वी आईशी बोलते. म्हणजे आईला काय म्हणायचं ते स्वतः टाइप करते आणि मग तिला उत्तरं देते. शुद्धलेखन सुधारलं पोरीचं.

काल एक गंमत. मी "सान्वी" टाइप केलेलं, आवाज आला, "सानू." मेसेजमध्ये ती सानूच म्हणते, तिथूनच उचललं असणार.

२१ डिसेंबर, शनिवार

कोथिंबिरीचा मेसेज आज लावला. चाळीस सेकंद काहीच नाही. पट्टी पुढे सरकते, आवाज नाही.

फोन बिघडला असेल म्हणून तिचे दुसरे मेसेज लावून बघितले. साधारण निम्मे तसेच. मुके. ताईचे, मित्रांचे, बाकी सगळ्यांचे नीट वाजतायत.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सासूबाईंकडे जाऊन लॅपटॉपवर यादी बघितली. आसावरी, आठशे नव्वद एमबी. मी त्यात नवं काहीही घातलेलं नाही. रोज दुपारी एक वाजता ती आपोआप अपडेट होते, पण केंद्राच्या सर्व्हरवर तिचं काही नाहीच. मग कुठून घेते?

संध्याकाळी पुन्हा गेलो तर सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या. आमच्या लग्नाची सीडी लावलेली. मला म्हणाल्या, मुकुल, हे बघ रे काय झालंय. सप्तपदी चालली होती, भटजींचा आवाज, सनई, माझ्या काकूंचं खिदळणं, सगळं ऐकू येत होतं. आसावरीने नाव घेतलं, बायका हसल्या. तिचे फक्त ओठ हलले.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला तिचा आवाज आठवेना रे. तिसरी-चौथीत असताना जिन्यातूनच ओरडत यायची. काय ओरडायची ते आठवतं, पण कसं, ते आठवत नाही."

वय झालं, असं म्हणालो मी. मला स्वतःला आठवून बघायची हिंमत झाली नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितोय.

नंदाताई आल्या. म्हणाल्या, "भाऊ, आता काढून टाका. रोज तेच ऐकून जीव तिथंच अडकतो. लेक बोलावते गावाला, जाईन म्हणते." मी दोनदा विचारलं, नक्की ना? मान हलवली. हेमाताईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली, नंदाताईंचा हात हातात घेतला. मी टर्मिनल उघडून ओळ टाइप केली. काढू का, हो की नाही, असं आलं. हो.

एका सेकंदाचं काम. नंदाताई रिकामा लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन गेल्या, लेकीला दाखवायला.

६ जानेवारी, सोमवार

नंदाताई सकाळीच केंद्रात. चेहरा एकदम टवटवीत. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं मशीन हाय का हे? ह्याच्यावर तुमचा पत्ता चिकटवलाय. माझ्या घरात कसं आलं ते काय कळत नाय."

मी म्हणालो, धाकूभाऊंचं ना हे.

"कोण धाकू?"

थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. गळ्यात मंगळसूत्र नाही, पण ते का नाही हेही त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. लगबगीने गेल्या, गाडी पकडायची होती.

हेमाताईंना सांगितलं. त्यांनी यादी बघितली, मग माझ्याकडे. धाकू कोण, त्यांनीही विचारलं. त्यांच्याच अक्षरातली रजिस्टरमधली नोंद दाखवली. कुणी चौकशीला आलं असेल, म्हणाल्या. महिनाभर समोर बसवून ज्या माणसाकडून त्यांनी वाक्यं वाचून घेतली तो माणूस.

मला तेवढा तो आठवतो. कारण मी त्याला जिवंतपणी बघितलंच नव्हतं. माझ्याकडे विसरायला काही नव्हतं.

आधी इथून किती फाइली काढल्या गेल्या असतील? कुणाला विचारू?

८ जानेवारी, बुधवार

हेमाताईंना सगळं सांगितलं. नियम मोडला ते पण. चिडतील, नोकरीवरून काढतील, काहीतरी करतील असं वाटलं होतं.

त्या कितीतरी वेळ बुटाच्या नाड्या बांधत बसल्या. बांधलेल्याच होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या घरी भिंतीवर एका माणसाचा फोटो आहे, मुकुल. हार घातलेला. चांगला दिसतो, चष्मा आहे. तो कोण ते मला माहीत नाही. काढायला खुर्चीवर चढते आणि तशीच उतरते. हात उचलत नाही."

मी विचारलं, तुम्ही त्यांची फाइल—

"केली असेल. आणि कुणीतरी सांगितलं असेल, काढ म्हणून."

९ जानेवारी, गुरुवार

लॅपटॉप सासूबाईंकडून आणला. आपोआप होणारं अपडेट बंद केलं. मग फाइल न उघडता उलगडली. तसं करता येतं. एका ओळीत फाइलीच्या पोटातलं सगळं फोल्डरमध्ये मांडून मिळतं.

तीनशे बारा मेसेज होते. पण ते सगळ्यात खाली. त्यांच्यावर हजारो. तारखांनी लावलेले. २०१९, सांगली: कुकरची शिट्टी आणि तिचं गुणगुणणं. २०१६: सिव्हिलच्या वॉर्डात सान्वी झाली तेव्हाचं ओरडणं. २०१३: कोपरीच्या पुलावर मला हो म्हणाली ते, मागे माणसांची वर्दळ. हे कधीच कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. हे फक्त माझ्या डोक्यात होतं.

१९९६: जिन्यातून एक मुलगी ओरडतेय, आई भूक, आई भूक, आई भूक.

ती नुसता आवाज साठवत नाहीये. आमच्याकडचा काढून नेतेय.

१० जानेवारी, शुक्रवार

जिन्यातला आवाज बाहेर काढून बघितला. सासूबाईंना परत मिळेल म्हणून. फोल्डरमधून बाहेर घेतल्या घेतल्या आकार शून्य. त्यांना फोन केला. अजून आठवत नाही. आणि आता आतही नाही. एक आवाज मी माझ्या हाताने संपवला.

पुन्हा हात लावणार नाही. लॅपटॉप बंद, बॅटरी काढली, कपाटात, कुलूप.

१५ जानेवारी, बुधवार

सान्वीने टेबलावरचा फोटो उचलून विचारलं, "बाबा, ही कोण?"

तुझी आई.

"नाही," हसली. मला काही समजत नाही असं वाटलं तिला. "आई कपाटात आहे."

१८ जानेवारी, शनिवार

सान्वीचा आवाज बसलाय. सर्दी नाही, ताप नाही. डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं, घसा स्वच्छ. ओरडली असेल खेळताना, म्हणाले.

दुपारी सासूबाईंकडून ती आमच्या घरी आली, किल्ली तिच्याकडे असते. मी लवकर परतलो. कपाटाच्या दाराला तोंड लावून बसली होती. कुजबुजत होती. शाळा, मैत्रीण, डब्यात काय होतं, सगळं. लॅपटॉप बंद. बॅटरी माझ्या बॅगेत.

मला बघून थांबली. "आई म्हणाली अजून सांग."

१९ जानेवारी, रविवार

बॅटरी घालून बघितलं. सहा जीबी. उलगडली. वर एक नवा फोल्डर. नाव सान्वी. आतल्या तारखा या आठवड्याच्या. शेवटची, काल दुपारची.

घाबरून तो फोल्डर बाहेर ओढला. शून्य होईल वाटलं— नाही झाला. पाच मिनिटांत आतून सान्वी ओरडली, बाबा, झुरळ! मोकळा आवाज. मी झुरळ मारायला धावलो, झुरळ मारून तिला उचलून घेतलं.

तिच्या आवाजाला परत जायला गळा आहे. आसावरीच्या आवाजाला नाही. एवढाच फरक.

एक वाजता आवाज पुन्हा गेला. फोल्डर आत. अपडेट बंद आहे, तरी.

२१ जानेवारी, मंगळवार

रजा घेतली. दिवसभर तेच करतोय. बाहेर काढतो, आवाज येतो, आत ओढला जातो. परवा काढला तेव्हा चारेक तास बाहेर राहिला. काल तासभर. आज वीस मिनिटं.

सान्वीला वाटतं हा खेळ आहे. आवाज आला की गाणं म्हणून घेते, जाईपर्यंत.

२३ जानेवारी, गुरुवार

उघडली. विचारायलाच हवं होतं. महिना झाला तिला ऐकून.

मी काहीही टाइप केलं नाही. हात मांडीवर होते.

"अजून थोडा दे ना."

तीच. उसाच्या रसाचा माझा पेला मागायची तसं, शेवटचा शब्द लांबवून. त्याच क्षणी वाटलं, दे. काय मागेल ते दे तिला.

"सानूचा आवाज किती गोड आहे, मुकुल. अजून थोडा."

बंद केली.

आसावरीने सान्वीच्या ताटातला घास कधी उचलला नाही. दवाखान्यात शुद्ध हरपेपर्यंत विचारत होती, सानू जेवली का. हे ती नाही. पण ती जेवढी म्हणून उरलीये तेवढी सगळी याच्यात आहे. दुसरीकडे कुठेच नाही. फोनमध्ये नाही. तिच्या आईकडे नाही. माझ्याकडे—

डोळे मिटून बघितलं. पूल आठवतो. माणसं आठवतात. ती तोंड उघडते.

काही ऐकू येत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

हेमाताई घरी आल्या. सान्वीला मांडीवर घेऊन तिच्या गळ्याला हात लावून बसल्या. जाताना जिन्यात म्हणाल्या, काढलीस तर तुला दुःख होणार नाही, मुकुल, तेच वाईट आहे. पोरीला वाचव.

मी म्हणालो, उद्या बघू. शाळेत कार्यक्रम आहे तिचा.

खरं कारण ते नाही. आज शनिवार. आज एक दिवस अजून मी तिचा नवरा आहे.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी शाळेत झेंडावंदन. सान्वीला चार ओळी म्हणायच्या होत्या, पंधरा दिवस पाठ करत होती. माइकसमोर उभी राहिली. तोंड उघडलं. बाईंना वाटलं लाजली, खालून ओळ सांगितली. सान्वीचे ओठ हलले. चारही ओळी हलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडे बघत होती.

बस.

दुपार, साडेबारा

सान्वी आतल्या खोलीत चित्र काढतेय. लॅपटॉप समोर. डायरी शेजारी. जे आहे ते लिहून ठेवतो, कागदावरून तरी ती नेऊ शकणार नाही. पुढे कधी वाचेन तेव्हा कुणा परक्या बाईबद्दल वाचल्यासारखं वाटेल. वाटू दे.

आसावरी. जन्म कोपरीचा. चहात आलं ठेचून, खूप. एरवी मुकुल म्हणायची, भांडताना अहो. चालताना डावी चप्पल घासायची. भूगोल आवडायचा, नकाशा उलटा धरला तरी गावं ओळखायची. सान्वी झाली तेव्हा आधी रडली, मग मला हसली, मग म्हणाली, नाक तुझं, बिचारी. नऊ सप्टेंबर २०२३. शेवटी माझा हात धरला होता. मीच आधी सोडला, डॉक्टर बाहेर बोलावत होते म्हणून. हे कुणाला सांगितलेलं नाही. परत आलो तेव्हा—

वेळ जातोय.

सान्वीचा फोल्डर बाहेर काढला.

ओळ टाइप केली. काढू का विचारतंय. हो की नाही.

स्पीकर बंद आहे. तरी आवाज येतोय. मुकुल म्हणतेय. नुसतं मुकुल, मुकुल. मागत काही नाहीये. आता अगदी खरी वाटतेय— ही ती असेल तर—

माफ कर.

हो.

काळ्या खिडकीत एक ओळ आली, काढली. बाकी काही नाही.

आसावरी. लिहितोय तोवर आहे. आसावरी. चहात आलं. नकाशा उलटा— पूल, ती पुढे चालतेय, मागे वळून— निळी— कुठली साडी— वळून कोण—

आ

हे 'आ' कशाला लिहिलंय कळत नाही. समोर लॅपटॉप आहे, केंद्रातला, यादी रिकामी. डोळे ओले झालेत. धूळ असेल.

आतून सान्वीने हाक मारली. बाबा, हिरवा रंग संपला! काय खणखणीत आवाज, भिंती हलल्या. किती दिवसांनी ऐकला. आनंदाने रडतोय मी बहुतेक. आवाज अगदी आईवर गेलाय तिचा. तिच्या आईचं नाव